हुसेनचाचांच्या तोंडातले खिळे

कारखान्याची जमीन कितीही झाडा, एक खिळा मागं राहतोच. तो डोळ्याला कधी सापडत नाही, पायालाच सापडतो. किश्श्यांचंही तसंच आहे. मुद्दाम आठवायला बसलं की एक सुचत नाही आणि उठून चार पावलं टाकली की रुतलाच.

परवा नातू दोन गन घेऊन आला. बंदुका नव्हेत, सोफ्याला कापड ठोकायच्या पिना मारतात त्या. एक हातानं दाबायची, एक वाऱ्यावर चालणारी. दुकानदारानं चालवून बघायला दिल्या होत्या. त्यानं दोन्ही माझ्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाला, "आज्जी, कुठली घेऊ?"

मी म्हटलं, "एक दिवस ही चालव, एक दिवस ती चालव. ज्या दिवशी दुपारी धड भाकरी मोडता आली, त्या दिवशीची घे."

तो हसला. त्याला वाटलं, आज्जीनं चेष्टा केली. चेष्टा कसली? आमच्या मामंजींची परीक्षा होती ती.

*

मामंजी म्हणजे माझे सासरे. महाराज गादीवर होते तेव्हा शनवार पेठेत आमचा कारखाना होता. पुढं लांबडी पडवी, मध्ये कामाचा सोपा, मागं स्वयंपाकघर. बग्गी असो, टांगा असो, सरदाराघरची खुर्ची असो, बसायचं जे जे असेल त्याला आम्ही गादी घालायचो. आत काथ्या आणि घोड्याचे केस, त्यावर गोणपाट, वर चामडं नाहीतर मखमल, आणि कडेनं ओळीत खिळे. मी लग्न होऊन आले ती बारा वर्षांची, आणि आल्या आठवड्यात केस पिंजायला बसले. सुई बाईची, हातोडा बाप्याचा, असा मामंजींचा नेम. आमचे हे तेव्हा पागेत घोड्यांच्या सामानावर होते. दिवसभर तिकडंच असायचे, त्यामुळं या गोष्टींत ते कुठं नाहीत.

भिंतीवर पंधरा-वीस हातोडे टांगलेले असायचे. नवा माणूस आला की मामंजी म्हणायचे, "घे यातला एक." कुठला हलका, कुठला जड, कुठला कशाला, काही सांगायचे नाहीत.

एकदा मुरगूडचा एक गडी आला. दंड असे की सदऱ्याच्या बाह्या उसवलेल्या. त्यानं सगळ्यात जड हातोडा काढला आणि वर म्हणाला, "ह्यो बरा हाय. बाकीची पोरांची खेळणी हाईत."

"बरं," मामंजी म्हणाले.

सकाळभर गडी ठोकत होता. एका घावात खिळा आत! बाकीचे आपलं काम सोडून बघत राहिले. दुपारी पंगत बसली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वाढत होत्या. गड्यानं भाकरीला हात घातला, तर भाकरी मोडेना. बोटं मिटतच नव्हती. डाव्या हाताकडं बघितलं, पण भरल्या पंगतीत डाव्या हातानं कसं जेवायचं? शेवटी त्यानं आमटीची वाटी दोन्ही तळव्यांत धरली आणि तोंडाला लावली. आत्याबाईंनी परत वाढली, तो परत प्याला. पाचव्या वाटीला आत्याबाई म्हणाल्या, "पावणं, भाकरी गोड लागंना काय?"

"तसं न्हाय आक्का. आमटीच लई झकास झालीया."

दुसऱ्या दिवशी गडी आला, सगळ्यात हलका हातोडा उचलला आणि पुढं नऊ वर्षं आमच्याकडं राहिला. त्या नऊ वर्षांत त्यानं आमटी काही घेतली नाही.

*

पण आमच्या कारखान्याचा खरा हात हुसेनचाचांचा. दसऱ्याला महाराजांची स्वारी निघायची, तिच्यात पाहुण्यांसाठी पागेतली एक मोठी बग्गी असायची. तिची गादी दर साली नवी व्हायची, आणि वीस वर्षं त्या गादीला चाचांशिवाय कुणाचा खिळा लागला नव्हता.

चाचा खिळे तोंडात ठेवायचे. बारा-पंधरा एकदम. जिभेनं खिळा फिरवायचे, डोकं बाहेर, टोक आत, आणि पुढच्या दातांत धरायचे. बोटानं काढला, टेकवला, ठोकला. तेवढ्यात दुसरा दातांत तयार. डब्यातून घ्यायचा म्हटलं तर बोटाला टोचतो, नजर वळते, आणि नजर वळली की ताणलेली मखमल सैल पडते. म्हणून तोंड.

नवे खिळे तेलकट यायचे. आत्याबाई ते तव्यावर चांगले परतायच्या, गार करायच्या आणि चाचांना वाटीत आणून द्यायच्या. चाचा एक जिभेवर ठेवून सांगायचे, "भाभी, मीठ कमी पडलंय."

त्यांची ताटली आणि पेला मात्र परसात वेगळा असायचा. तोंडातला खिळा सगळ्या सरदारांच्या बुडाखाली चालायचा, ताटली चालायची नाही. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटतं.

*

तोंडात खिळे असले की चाचांना बोलता यायचं नाही. कुणी काही विचारलं की नाकातून म्हणायचे, "हं."

कबनूरचे अण्णा म्हणून आमचं एक गिऱ्हाईक होतं. जैन, मोठी शेतीवाडी, माणूस देवगुणी, पण तोंडाला कुलूप नाही. एकदा खुर्ची बसवून घ्यायला आले आणि चाचांच्या शेजारी मांडी ठोकून बसले. त्यांचं आणि धाकट्या भावाचं विहिरीच्या पाळीवरून बिनसलं होतं. अगदी वाटण्या व्हायची वेळ आलेली. सगळं पहिल्यापासून सांगितलं. चाचांचा हातोडा चालू, मधून मधून "हं."

शेवटी अण्णा म्हणाले, "चाचा, तुमीच सांगा. येगळं व्हावं काय?"

"हं."

"का धाकट्याला चार दिस ज्यादा पाणी देऊन एकत्रच ऱ्हावं?"

"हं!"

अण्णा उठले, पडवीत मामंजींना म्हणाले, "ह्याला म्हणतात शहाणा माणूस. येगळं व्हायला नुस्ता हं म्हणाले, आणि एकत्र ऱ्हायाला ठसक्यात हं म्हणाले. समजायचं ते समजलो."

पंधरा दिवसांनी अण्णा पेढे घेऊन आले. दोघा भावांचा समेट झाला होता. मामंजींनी पेढा चाचांच्या हातावर ठेवला. चाचांनी तोंडातले खिळे वाटीत काढले, पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "कुणाचं लगीन?"

*

चाचा ठोकत असताना घरात दोन गोष्टींना बंदी होती. एक म्हणजे मिरची भाजायची नाही. ही बंदी कशी आली ते सांगते.

आत्याबाईंनी एकदा वर्षाच्या चटणीची मिरची काढली. त्यांना वाटलं, चाचा गेलेत. चाचा कोचाच्या पाठीमागं बसलेले. खकाणा सोप्यात आला आणि चाचांनी अशी शिंक दिली की सगळे खिळे उडाले. मोजून बारा घातले होते. शोधून अकरा सापडले.

सगळ्यांची तोंडं उतरली. चाचा पोट धरून बसले. वैद्यांनी सांगितलं, केळी खाऊ घाला, शिरा घाला, मऊमऊ पोटात जाऊ द्या, आपोआप वाट काढेल. आत्याबाईंनी आपली चूक म्हणून साजूक तुपात शिरा केला. सकाळी शिरा, दुपारी केळी, संध्याकाळी परत शिरा. दोन दिवस चाचा पडवीत तक्क्याला टेकून. येणारा जाणारा चौकशी करून जाई.

तिसऱ्या दिवशी मामंजी फेटा झटकायला गेले, तर टप्पकन बारावा खिळा पडला.

मामंजी धावतच पडवीत गेले. "हुसेन, सापडला रं! फेट्यात हुता!"

चाचांनी शिऱ्याची ताटली जरा जवळ ओढली. म्हणाले, "सापडला ते बेस झालं. पर भाभीला आज सांगू नका."

*

दुसरी बंदी हसवायची. तीही एका पैलवानापायी आली.

एक टांगेवाला दर महिन्याला यायचा. "मालक, गादी बसती. खिळं निसटत्यात. तुमी खिळं आखूड घालताय." मामंजींनी एकदा लांब घातले, एकदा जाड घातले, एकदा दुहेरी ओळ मारली. तरी महिन्याला गादी खाली! शेवटी मामंजी म्हणाले, "खिळ्याचं बास झालं. बसतंय कोण ते घेऊन ये."

टांगेवाल्यानं त्याचं रोजचं गिऱ्हाईक आणलं. तालमीतला पैलवान, हत्तीचं पिल्लू. मामंजी म्हणाले, "बसा जरा." पैलवान टांग्याजवळ गेला, वळला आणि धाडदिशी पडला. टांगा कुरकुरला, घोडं दोन पावलं मागं आलं.

"उठा. आता सावकाश बसा."

परत धाडदिशी!

मामंजींनी शांतपणे विचारलं, "पैलवान, कुणाच्या छातीवर बसल्यागत का बसताय?"

पैलवान लाजला. म्हणाला, "सवय हाय. खालचा हलू नये म्हणून."

चाचा आत मखमल ठोकत होते. तोंडात पंधरा खिळे. ते उठले, तोंडावर हात दाबून परसात पळाले, खिळे ओंजळीत थुंकले आणि मग अर्धा तास विहिरीच्या कठड्याला धरून हसत होते.

*

एकदा मुंबईहून एक एजंट आला. डोक्याला हॅट, पायात बूट, दर तिसरा शब्द इंग्रजी. त्यानं पिशवीतून एक नाजूक हातोडा काढला. म्हणाला, "विलायती. एका बाजूला चुंबक. खिळा आपोआप धरतो. तोंडात घालायचं काम नाही. सगळं सायन्स."

मामंजींनी खिळ्यांचा डबा पुढं केला. एजंटानं हातोडा डब्यात बुडवला आणि वर काढला, तर मधमाश्यांचं पोळं लागावं तसे चाळीसएक खिळे लटकलेले, एकाचीही मान सरळ नाही. "एकेक घ्यायचा असतो," तो म्हणाला. एक घेतला तर तो आडवा चिकटला. दुसरा घेतला, तो टोकाकडून. तिसरा त्यानं बोटानं सरळ केला आणि हाणला तो अंगठ्यावर.

आत्याबाईंनी हळद दाबली. एजंट लाजेनं हातोडा तिथंच ठेवून गेला, परत काही आला नाही.

मामंजींनी हातोडा उलटासुलटा बघितला. म्हणाले, "हत्यार वंगाळ न्हाय. ह्याला फकस्त आणखी एक माणूस पायजे, खिळा सरळ करून द्यायला."

मग तो हातोडा गेला स्वयंपाकघराच्या कोनाड्यात. आत्याबाईंची सुई पडली की त्या तो जमिनीवरून फिरवायच्या. गल्लीभर नाव झालं. बायका मागायला यायच्या, "तुमचा सुई हुडकायचा हातोडा द्या की जरा." शेजारच्या काकूंनी सोन्याची नथ हुडकायला नेला. आम्ही सांगितलं, सोन्याला तो चिकटत नाही. तरी नेला. नथ काही सापडली नाही. सहा महिन्यांमागं हरवलेला त्यांचा अडकित्ता मात्र सुनेच्या ट्रंकेमागं सापडला, आणि त्या घरात महिनाभर सासूसून एकमेकींशी बोलत नव्हत्या.

*

आता जरा मऊ गोष्ट सांगते.

सोपा झाडायचं काम माझं. एके दिवशी चाचांच्या बैठकीजवळ तीन खिळे मिळाले. खिळे पडतात, त्याचं काही नाही. पण हे ओले होते. दुसऱ्या दिवशी सात, आठवड्यानं पंधरा. सगळे ओले. मी चाचांच्या तोंडाकडं नीट बघितलं तेव्हा कळलं. वरचे पुढचे दोन दात गेले होते. मिश्या वाढवून त्यांनी झाकलं होतं.

आमच्याकडं हात थकलेल्या माणसाला मामंजी काढून टाकत नसत. कोपऱ्यात काथ्या पिळायला बसवत. पण चाचाच म्हणायचे, काथ्याला बसलेला माणूस दोन वर्षांत म्हातारा होतो. दरबारच्या बग्गीला वीस वर्षं खिळा मारलेला माणूस कोपऱ्यात बसून काथ्या पिळणार, हे मलाच बघवणार नव्हतं.

मी ते खिळे पुसून गुपचूप त्यांच्या डब्यात टाकायचे. एके दिवशी त्यांनीच विचारलं, "बेटी, झाडताना काय काय घावतंय?"

"धूळ, चाचा."

"आणखी?"

"आणखी धूळच."

दुसऱ्या दिवशी मामंजी बाहेर गेल्यावर चाचांनी भिंतीवरचा सगळ्यात लहान हातोडा माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, "गादीच्या पोटाला, खालच्या अंगानं चार मार. तितं कोण बघत न्हाय." पहिले दोन वाकडे गेले. चौथा सरळ गेला. त्या दिवशी मला झोपेतसुद्धा ठोके ऐकू येत होते. त्यानंतर मामंजी बाहेर पडले की गादीची खालची बाजू माझी.

*

दसऱ्याला महिना राहिला आणि पागेची बग्गी आली. बरोबर पागेचे जमादार. "गादीला चाचाच खिळं मारणार न्हवं?" त्यांनी मामंजींना विचारलं.

"दुसरं कोण हाय?" मामंजी म्हणाले. "काय रं हुसेन?"

चाचा ठोकत होते. म्हणाले, "हं," आणि फटीतून खिळा निसटून पडला, नेमका मामंजींच्या पुढ्यात.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. एक पाऊल पुढं टाकलं आणि अनवाणी पाय त्या खिळ्यावर ठेवला. तो आडवा नव्हता, उभा होता. जमादार पाणी प्याले, घोड्यांविषयी बोलले, पावसाविषयी बोलले, पान खाल्लं. मी तिथंच उभी. आत्याबाई दोनदा हाक मारून गेल्या. "काय खांब झालाय हिचा," म्हणाल्या.

सगळे गेल्यावर लंगडत स्वयंपाकघरात गेले आणि खिळा उपटला. एका हातात खिळा, एका हातानं पायावर हळद. खिळा कुठं ठेवू? समोर टोपलीत सकाळची भाकरी होती. तिच्यात खोचला. टोक आत, डोकं वर.

वर कोनाड्यात तो सुई हुडकायचा हातोडा. काय मनात आलं कोण जाणे. मी हातोडा त्या खिळ्याच्या डोक्यावर नेला. टक्क! खिळा भाकरीतून निघाला आणि हातोड्याला सरळ उभा, नवरदेवासारखा.

मामंजी म्हणाले होते, ह्याला आणखी एक माणूस पाहिजे. माणूस कशाला? भाकरी पुरत होती.

*

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मी एक शिळी भाकरी घ्यायचे, तिच्यात तीस-चाळीस खिळे ओळीनं खोचायचे, रोप लावल्यासारखे. चाचांच्या शेजारी केस पिंजत बसायचे, भाकरी मांडीवर. मामंजींचं पाऊल वाजलं की वर पदर. चाचा हातोडा भाकरीकडं न्यायचे, खिळा यायचा, एक ठोका धरायला, हातोडा उलटून दुसरा ठोका बसवायला. आणि गंमत म्हणजे डावा हात सगळा मोकळा! पूर्वी त्याच हातानं खिळा धरायचा आणि त्याच हातानं मखमल ओढायची. आता तो नुसती मखमल ओढायचा. गादी अशी तंग बसायला लागली की तिच्यावर तांदूळ टाकला तर उडावा.

एकच घोटाळा झाला. चाचांचं तोंड मोकळं झालं.

वीस वर्षांचं साठलेलं बोलणं! घोड्यांची नावं, सासुरवाडीचे लोक, कुठल्या सरदाराची बैठक कुठल्या बाजूला जड, सगळं ठोक्याच्या तालावर. मी म्हणायचे, "चाचा, हळू. मामंजी पडवीत हाईत."

"आयकू दे की. वीस वरीस मी समद्यांचं आयकलंय."

पण पडवीत फक्त ठोके जायचे. आणि ठोके चालू आहेत म्हणजे चाचांचं तोंड बंद, असं सगळा कारखाना धरून चालला होता.

*

दसऱ्याला आठ दिवस होते. कबनूरचे अण्णा आले. खुर्ची वगैरे काही नाही, नुसता सल्ला विचारायला. मामंजींना राम राम करून सरळ आत चाचांपाशी बसले.

"चाचा, थोरलीला चंदगडचं स्थळ आलंय. तुमचा शब्द म्हंजे शेवटचा. देऊ काय?"

आणि थांबले, एका "हं"ची वाट बघत.

चाचांनी भाकरीतून खिळा घेतला. "चंदगड? पाऊस किती महिने पडतुया तितं? पोरीला सर्दीबिर्दीची खोड हाय काय?" ठक. "तिकडं भात खात्यात. तिला भाकरीची सवय. निभंल काय?" ठक. "पोराची आई कशी हाय? माझी भन अशीच लांब दिली, तिची सासू..." ठक, ठक. बहिणीची सगळी गोष्ट झाली. तिच्या दिराची झाली. मग, "नदीला पूर आला तर पोरगी माहेरी कशी येणार? पोराला पवायला येतंय का?"

अण्णांचं तोंड उघडंच. अर्ध्या तासानं उठले आणि पडवीत आले. सोप्याच्या दारातून मला सगळं ऐकू येत होतं.

"मालक, चाचांची तब्येत बरी हाय न्हवं?"

"का? काय झालं?"

"न्हाय, मागल्या टायमाला दोन शब्दांत मिटवलं हुतं. आज एक सवाल घेऊन गेलतो, अकरा घेऊन आलो."

मामंजी हसले. मग हसायचे थांबले. "बोलत हुता म्हनता? मी तर ठोकं आयकलं."

"व्हय की. ठोकत हुते आणि बोलत हुते."

मामंजी उठले.

मी पदर टाकला. पण घाईत नीट पडला नसावा. मामंजी माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "सूनबाई, पदराखाली काय हाय?"

"भाकरी."

"भूक लागली?"

मी पदर काढला. भाकरीत बावीस खिळे, ओळीनं.

चाचांनी हातोडा हळूच जमिनीवर ठेवला. मिशी वर करून तोंड दाखवलं. म्हणाले, "मालक, दोन म्हैनं झालं. पोरीकडं काय दोष न्हाय, माझाच. गादी मुरगूडकराच्या हातनं पुरी करून घ्या. मी काथ्याला बसतो."

मामंजी वाकले. बग्गीच्या गादीवरून या कडेपासून त्या कडेपर्यंत तळवा फिरवला. परत फिरवला. मग गादी उचलून पालथी केली. खालच्या ओळी बघितल्या. तिथं बोट ठेवून म्हणाले, "ह्यो घाव हुसेनचा न्हवं."

मुरगूडचा गडी घाईघाईनं म्हणाला, "माझा बी न्हवं."

मामंजींनी तो विलायती हातोडा उचलला. माझ्या मांडीवरच्या भाकरीतला एक खिळा घेतला. ठक, ठक. दुसरा घेतला. बावीसच्या बावीस संपवले, एक बाजू पुरी केली, हातोडा चाचांच्या पुढ्यात ठेवला आणि हात धुवायला गेले.

पंगत बसली. चाचा परसात आपल्या ताटलीपुढं बसलेले, पण ताटलीला हात लावला नव्हता. मी स्वयंपाकघराच्या दारात, आत्याबाईंच्या मागं. अण्णाही पानावर होते.

मामंजींनी भाकरीला हात घातला. एका हातानं मोडली. सरळ मोडली. तुकडा हातात धरून बोटांकडं बघत राहिले. मग आत्याबाईंना म्हणाले, "उद्यापासनं दोन भाकऱ्या ज्यादा थाप."

"पावणं येणार हाईत काय?"

"एक हुसेनच्या हातोड्याला."

आत्याबाईंनी परसाकडं बघितलं, मामंजींकडं बघितलं. त्यांना काही उमगलं नाही, पण विचारल्याशिवाय राहवेना. "आणि दुसरी?"

मामंजींनी घास तोंडात टाकला होता. दाराकडं, माझ्या हातांकडं बघितलं आणि नाकातून म्हणाले, "हं."